बेघरांसाठी निवारा : रात्रीच्या मोजणीपासून अनुदानापर्यंत

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन प्राथमिक गरजा होत, असे आपण शाळेच्या पहिल्या पुस्तकापासून शिकत आलो आहोत. या तिन्ही गरजा एका ओळीत लिहिल्या जात असल्या, तरी त्या सारख्या सहजतेने भागत नाहीत. बीदर येथील गुरुनानक झिरा साहिब गुरुद्वाराच्या लंगरात कोणत्याही जातिधर्माच्या माणसाला पंगतीत बसता येते. कलबुर्गी येथे शरणबसवेश्वरांच्या दासोहाची परंपरा सुमारे दोन शतकांची आहे. भीमा-अमरजा संगमावरील गाणगापुरात तर मधुकरी मागणे हाच उपासनेचा एक भाग मानला जातो. या भागात भुकेल्याला भाकरी देणारा हात सहसा सापडतो. जुनेपाने वस्त्रही कोणी तरी देतो. परंतु रात्र मागून मिळत नाही. अनोळखी माणसाला पाठ टेकण्यापुरती जागा आपल्या घरात देण्याचे धाडस फार थोड्यांना होते. म्हणून ही तिसरी गरज व्यक्तीच्या दानधर्मावर सोडून चालत नाही. ती नगराने, म्हणजेच नगराच्या स्थानिक संस्थेने, भागवावी लागते.

स्थानिक संस्थेची इच्छा असली तरी पैशाचा प्रश्न उभा राहतोच. दिवाबत्ती, पाणी, रस्ते आणि सफाई यांतच तिचे उत्पन्न संपते. अशा वेळी तिला केंद्र व राज्य सरकारांच्या अनुदानाकडे पाहावे लागते. हे अनुदान कोणत्या नियमांनी मिळते, त्यासाठी नगराला काय करावे लागते आणि मिळालेला निवारा पुढे कसा टिकतो, याचा परिचय बीदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांच्या संदर्भात करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

बेघर कोणास म्हणावे?

सरकारी योजनेत प्रत्येक शब्दाची व्याख्या असते आणि त्या व्याख्येवरच लाभ अवलंबून असतो. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे जे कुटुंब घरात किंवा इमारतीत राहत नाही, तर रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या नळांत, पुलाखाली, जिन्याखाली, मंदिराच्या मंडपात, रेल्वेच्या फलाटावर किंवा उघड्यावर राहते, ते बेघर कुटुंब होय. झोपडीत राहणारा माणूस गरीब असला, तरी या व्याख्येप्रमाणे तो बेघर ठरत नाही. त्याच्या डोक्यावर, कसे का होईना, छप्पर आहे. झोपडपट्टी सुधारणेच्या योजना वेगळ्या आणि बेघरांच्या निवाऱ्याची योजना वेगळी, हे म्हणूनच प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

२०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ९ लाख ३८ हजार शहरांत होत्या. कर्नाटकातील बेघरांची संख्या ७६ हजारांहून अधिक, तर महाराष्ट्रातील सुमारे २ लाख ११ हजार इतकी नोंदली गेली. २००१ च्या जनगणनेशी तुलना केली, तर खेड्यांतील बेघरांची संख्या घटली आणि शहरांतील मात्र ७ लाख ७८ हजारांवरून वाढली, असे दिसते. काम शोधत खेड्यातून निघालेला माणूस शहरात पोहोचतो. पण शहरात त्याला काम मिळाले तरी घर मिळतेच असे नाही, हा या आकड्यांचा सरळ अर्थ आहे.

आपल्या भागात ही माणसे कोण असतात, याचा विचार केला तर चित्र अधिक स्पष्ट होते. कलबुर्गी हे तुरीचे कोठार. हंगामात तेथील बाजार समितीत पोती वाहण्यासाठी हमाल लागतात. बांधकामावर मजूर लागतात. जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयांत तालुक्या-तालुक्यांतून, तसेच सीमेपलीकडूनही रोगी येतात. रोग्याला खाट मिळते. त्याच्या सोबत आलेल्या आईला किंवा भावाला व्हरांडा मिळतो. मुलांनी सांभाळणे सोडलेले वृद्ध, घर सुटलेल्या स्त्रिया, व्याधिमुक्तीच्या आशेने तीर्थक्षेत्री आणले गेलेले आणि तेथेच राहून गेलेले मनोरुग्ण, हे सारे या एका शब्दात येतात. या सर्वांना सरसकट भिकारी समजणे हा अन्याय आहे. यांतील बरेच जण दिवसभर राबणारे लोक असतात.

हक्काची वाटचाल

बेघरांचा निवारा हा केवळ दयेचा विषय नसून कायद्याचाही विषय आहे, ही जाणीव हळूहळू रुजत गेली. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली निकाल दिला. ओल्गा टेलिस खटला या नावाने तो ओळखला जातो. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड हे त्या वेळी सरन्यायाधीश होते. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे तत्त्व त्या निकालात मांडले गेले. माणूस पदपथावर हौसेने राहत नाही. जेथे पोट भरते तेथे त्याला राहावे लागते, हे त्यातून अधोरेखित झाले. मात्र योग्य सूचना देऊन पदपथ मोकळे करण्यास त्या निकालाने मनाई केली नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे.

१९८७ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने बेघरांसाठी निवारा वर्ष म्हणून पाळले. त्यानंतर १९८८-८९ पासून केंद्र सरकारने पदपथवासीयांसाठी रात्रनिवारे बांधण्याची योजना सुरू केली. परंतु तिला नगरांकडून अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही आणि २००५ च्या सुमारास ती राज्यांवर सोपविण्यात आली. योजना असणे आणि नगराने ती मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा पहिला धडा त्यातून मिळतो.

२००९-१० च्या कडक हिवाळ्यात दिल्लीत एक तात्पुरता रात्रनिवारा पाडला गेला आणि उघड्यावरील माणसांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अन्नाच्या हक्कासंबंधी चालू असलेल्या याचिकेतच न्यायालयाने २०१० साली आदेश दिले आणि पुढे ते इतर राज्यांतील मोठ्या शहरांनाही लागू झाले. दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांची सोय, आणि तीही वर्षभर व दिवसरात्र उघडी असणारी, हे प्रमाण तेव्हा रूढ झाले.

सप्टेंबर २०१३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी उपजीविका मोहीम सुरू केली. या मोहिमेत शहरी बेघरांसाठी निवारा हा एक स्वतंत्र घटक होता. प्रारंभी एक लाखाहून अधिक वस्तीची शहरे आणि सर्व जिल्हा मुख्यालये तिच्या कक्षेत होती. त्यामुळे कलबुर्गी व बीदर ही दोन्ही नगरे पहिल्यापासूनच पात्र ठरली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मोहिमेला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचे नाव जोडले गेले आणि तिची कक्षा सर्व वैधानिक नगरांपर्यंत वाढली. बसवकल्याण, भालकी, हुमनाबाद, औराद, आळंद, सेडम यांसारख्या तालुक्याच्या गावांनाही त्यामुळे दार उघडले.

मोजणी : रात्री करावयाचे काम

निवाऱ्याच्या प्रस्तावाचा पाया म्हणजे बेघरांची पाहणी. किती माणसे उघड्यावर झोपतात, कोठे झोपतात, त्यांत स्त्रिया किती, मुले किती, वृद्ध व आजारी किती, हे कागदावर आल्याखेरीज पुढचे पाऊल पडत नाही. येथेच बहुतेक प्रस्तावांचे भवितव्य ठरते. यासंबंधीचा एक अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका नगरात प्रस्तुत लेखक प्रसिद्धीच्या कामानिमित्त गेला होता. त्या नगरातून बेघरांच्या संख्येविषयी माहिती मागविण्यात आली होती आणि उत्तर त्याच दिवशी जावयाचे होते. दुपारी दोन कर्मचारी बसस्थानक, मंदिराचा परिसर आणि बाजार असे फिरून आले. कोणी झोपलेले दिसले नाही. तक्त्याच्या रकान्यात ‘निरंक’ असा शब्द लिहिला गेला आणि कागद रवाना झाला. त्यांत कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. जे दिसले तेच त्यांनी लिहिले होते.

त्याच रात्री परतीची गाडी चुकल्यामुळे लेखकाला एका परिचित शिक्षकाकडे मुक्काम करावा लागला. अकराच्या सुमारास दोघे बसस्थानकावरून चालत निघालो, तेव्हा फलाटाच्या कडेला माणसांची रांग आडवी झालेली दिसली. दुकानांच्या पायऱ्यांवर, अडतीच्या पडवीत, मंदिराच्या ओट्यावर पोती अंथरून लोक झोपले होते. त्यांत गाठोडे उशाला घेतलेली एक म्हातारी होती, लहान मुलाला कुशीत घेऊन बसलेली एक बाई होती. दुपारी याच जागी कर्मचारी येऊन गेले होते, हे सांगितल्यावर एक पोक्त हमाल हसून म्हणाला, “दिवसा आमी हमाल असताव, सायेब. बेघर रातीला होताव.”

या प्रश्नाचे मर्म त्या एका वाक्यात आले आहे. दिवसा तो मनुष्य बाजार समितीच्या कामाचा भाग असतो; म्हातारी भाजीच्या बाजारात बसलेली असते; बाई रुग्णालयाच्या रांगेत असते. बेघरपण ही रात्रीची अवस्था आहे आणि म्हणून तिची मोजणी रात्रीच झाली पाहिजे. जनगणनेनेही हे ओळखले आहे. २०११ साली देशभरातील बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या रात्री करण्यात आली, ती याच कारणासाठी.

दुपारच्या त्या ‘निरंक’ शब्दाचा परिणाम मात्र दूरवर पोहोचतो. ज्या नगरात बेघर नाहीत, त्या नगराला निवारा कशासाठी, असा प्रश्न वरच्या कार्यालयात स्वाभाविकपणे उपस्थित होतो. अनुदान दारिद्र्य पाहून येत नाही. ते नोंद पाहून येते.

चांगल्या पाहणीची काही पथ्ये आहेत. ती रात्री दहानंतर आणि पहाटेपूर्वी करावी. ती एकाच रात्री न करता हंगामात व हंगामाबाहेर अशी निदान दोनदा करावी. पथकात स्त्री कार्यकर्ती असावी, कारण उघड्यावर झोपलेली बाई रात्री अनोळखी पुरुषाशी बोलणार नाही. सीमाभागात कन्नड, मराठी, उर्दू व तेलुगू जाणणारे लोक पथकात हवेत. पोलीस गणवेशात पुढे आले, तर माणसे पळतात. ते मागे असावेत. आपल्याला हुसकून लावण्यासाठी नव्हे, तर आपली सोय करण्यासाठी नाव विचारले जात आहे, हे त्या माणसाला त्याच्या भाषेत कळले पाहिजे.

निकष आणि हिशेब

मोहिमेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांसाठी कायम स्वरूपाचा निवारा असावा आणि एका निवाऱ्यात पन्नास ते शंभर माणसांची सोय असावी, असे ठरले होते. प्रत्येकास किमान ५० चौरस फूट जागा मिळावी, हाही निकष होता.

हा निकष आपल्या नगरांना लावून पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे कलबुर्गी शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख ३३ हजार होती. म्हणजे तेथे किमान पाचशे माणसांची सोय हवी. पन्नास जणांचा एक निवारा धरला, तर असे दहा निवारे लागतील. शंभर जणांचा धरला, तर पाच. बीदर शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख १४ हजार होती. तेथे किमान दोनशे माणसांची, म्हणजे पन्नास जणांच्या चार निवाऱ्यांची गरज ठरते. शंभर जणांच्या निवाऱ्याला केवळ राहण्यासाठी ५,००० चौरस फूट जागा लागेल. स्वयंपाकघर, स्नानगृहे आणि शौचालये यांचा विचार आणखी वेगळा करावा लागेल.

भालकी, हुमनाबाद किंवा आळंद यांसारखी नगरे एक लाखाच्या मापात बसत नाहीत. तेथे केवळ प्रमाण लावून भागत नाही. प्रत्यक्ष पाहणीतील संख्याच दाखवावी लागते. म्हणजे जेवढे नगर लहान, तेवढे रात्रीच्या मोजणीचे महत्त्व अधिक.

खर्चाची वाटणीही समजून घेण्यासारखी आहे. प्रारंभी बांधकामाच्या खर्चाचा ७५ टक्के भाग केंद्राने व २५ टक्के भाग राज्याने उचलावा, असे ठरले होते. पुढे हे प्रमाण बहुतेक राज्यांसाठी ६० व ४० टक्के असे झाले. बांधकामाखेरीज निवारा चालविण्यासाठीही मदत होती. मूळ मार्गदर्शक सूचनांत पन्नास जणांच्या एका निवाऱ्यासाठी वर्षाला ६ लाख रुपयांपर्यंत आणि तेही पाच वर्षे, अशी तरतूद होती. पन्नास माणसे वर्षाचे ३६५ दिवस राहिली, तर १८,२५० रात्री होतात. ६ लाखांना या संख्येने भागले, की एका माणसाच्या एका रात्रीचा खर्च सुमारे ३३ रुपये येतो. तोच निवारा नगराच्या टोकाला बांधला आणि तेथे वीसच माणसे गेली, तर एका रात्रीचा खर्च सुमारे ८२ रुपयांवर जातो. जागा चुकली, की हिशेबही चुकतो. म्हणूनच निवारा रेल्वे स्थानक, बसस्थानक, घाऊक बाजार, रुग्णालय अशा ठिकाणांच्या जवळ असावा, यावर भर दिलेला आहे. पहाटे चारला बाजारात गाडी उतरविणारा हमाल चार मैलांवरच्या निवाऱ्यात कधीही झोपावयास जाणार नाही.

प्रस्तावाचा प्रवास

पाहणी पूर्ण झाल्यावर नगराच्या स्थानिक संस्थेने काय करावयाचे, हे आता क्रमाने पाहू.

पहिली पायरी जागेची. जागा स्थानिक संस्थेच्या किंवा सरकारच्या मालकीची आणि वादमुक्त असावी लागते. तिचा उतारा, नकाशा आणि ताब्याचे कागद जोडावे लागतात. नवे बांधकाम हाच एक मार्ग नव्हे. वापरात नसलेली शाळा, जुने समाजमंदिर किंवा रिकामी सरकारी इमारत दुरुस्त करूनही निवारा करता येतो, आणि तो लवकर उभा राहतो.

दुसरी पायरी ठरावाची. स्थानिक संस्थेच्या सभेत निवाऱ्याचा ठराव मंजूर व्हावा लागतो. अनेकदा येथे अडचण येते. आपल्या वस्तीत असा निवारा नको, असे शेजारचे लोक म्हणतात आणि त्यांचा प्रतिनिधी तेच सभेत बोलतो. अशा वेळी शेजाऱ्यांना विश्वासात घेणे हे अधिकाऱ्यांइतकेच नगरातील शिक्षकांचे व जाणत्यांचे काम आहे. उघड्यावर झोपणारी माणसे त्या वस्तीत आधीपासूनच आहेत. निवारा त्यांना आणत नाही, छपराखाली घेतो, हे समजावून सांगावे लागते.

तिसरी पायरी सविस्तर प्रकल्प अहवालाची. त्यात पाहणीचा गोषवारा, जागेची माहिती, बांधकामाचा आराखडा, प्रचलित दरसूचीप्रमाणे तयार केलेले अंदाजपत्रक, वार्षिक खर्चाचा तपशील आणि निवारा कोण चालविणार याची माहिती असते. अभियंत्याने तांत्रिक बाजू तपासल्यानंतर अहवाल राज्य पातळीवरील मोहिमेकडे जातो आणि तेथील मंजुरी समितीपुढे ठेवला जातो.

चौथी पायरी हप्त्यांची. मंजूर रक्कम एकदम मिळत नाही. ती हप्त्यांनी येते. पहिला हप्ता खर्च झाल्याचे विनियोग प्रमाणपत्र आणि कामाच्या प्रगतीचा अहवाल गेल्यावर दुसरा हप्ता सुटतो. हे प्रमाणपत्र वेळेवर न गेल्यामुळे काम अर्धवट राहण्याची उदाहरणे देशात कमी नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. तिच्या पाहणीत निवारे अपुरे आणि अनेक राज्यांत निधी मात्र अखर्चित, असे विसंगत चित्र दिसून आले. पैसा नव्हता म्हणून माणसे उघड्यावर राहिली, असे सर्वत्र म्हणता येत नाही. पैसा होता आणि कागद पुढे सरकला नाही, असेही घडले.

निवारा म्हणजे केवळ छप्पर नव्हे

निवारा दिवसरात्र उघडा असावा, त्यात खेळती हवा, पिण्याचे पाणी, न्हाणीघर, शौचालय, दिवे, अंथरूण-पांघरूण, प्रथमोपचार, आग विझविण्याचे साधन, सामायिक स्वयंपाकाची जागा आणि प्रत्येकाचे सामान ठेवण्यास कुलूपबंद कप्पा असावा, अशी अपेक्षा आहे. या शेवटच्या वस्तूचे महत्त्व घर असलेल्या माणसाला सहसा कळत नाही. उघड्यावर राहणाऱ्याचे सारे धन एका गाठोड्यात असते आणि ते चोरीस जाईल या भीतीने तो धड झोपत नाही, धड कामाला जात नाही. पुरुष, स्त्रिया आणि कुटुंबे यांच्यासाठी वेगवेगळी व्यवस्था हवी. वृद्ध, मनोरुग्ण, तसेच रुग्णालयातून सुटलेले रोगी व त्यांचे नातलग यांच्यासाठी विशेष निवारे करण्याचीही मुभा मोहिमेत होती.

निवाऱ्याचा दुसरा उपयोग पत्त्याचा. पत्ता नसल्यामुळे शिधापत्रिका मिळत नाही, बँकेत खाते निघत नाही, वृद्धापकाळाचे वेतन सुरू होत नाही, मुलाचे नाव शाळेत घालताना अडचण येते. निवाऱ्यातील व्यवस्थापकाने राहणाऱ्यांना या सर्व योजनांशी जोडून द्यावे, हा त्याच्या कामाचाच भाग मानला आहे. तसे झाले, तर माणूस काही काळाने निवाऱ्यातून बाहेर पडून स्वतःच्या भाड्याच्या खोलीत जाऊ शकतो.

येथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे. कर्नाटकात १९७५ चा भिक्षाप्रतिबंधक कायदा आहे आणि त्याखाली निराश्रित केंद्रे चालविली जातात. त्यासाठी स्थानिक संस्था घरपट्टी व जमीनपट्टीवर ३ टक्के उपकर वसूल करतात. म्हणजे प्रत्येक घरमालक आपल्या पावतीतून निराश्रितांसाठी काही पैसे देतच असतो. परंतु त्या कायद्याखालील केंद्रात माणूस पकडून नेला जातो. बेघरांच्या निवाऱ्यात तो स्वेच्छेने येतो आणि स्वेच्छेने जातो. कष्टकरी हमालाला पकडून नेणारी गाडी नको आहे. त्याला रात्रीपुरते उघडे दार हवे आहे.

अनुदान संपल्यावर

अनुदानाला आरंभ असतो, तसाच अंतही असतो. राष्ट्रीय नागरी उपजीविका मोहिमेची मुदत सप्टेंबर २०२४ अखेर संपली. त्यानंतर नव्या योजनेची आखणी निवडक शहरांत प्रायोगिक स्वरूपात करण्यात आली. मोहीम संपली, तरी निवाऱ्यातील माणसे संपत नाहीत. वीजबिल, पाणीपट्टी आणि काळजीवाहूंचे वेतन दरमहा द्यावेच लागते.

म्हणून शहाणे नगर पहिल्या वर्षापासूनच इतर आधार शोधून ठेवते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीत दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांना दिलेल्या अनुदानाचा ४० टक्के भाग अबंधित होता. आस्थापना व वेतन वगळता स्थानिक गरजेनुसार तो खर्च करता येत असे. अशा अबंधित रकमेतून दुरुस्ती व साधनसामग्री घेता येते. संविधानाच्या ३७१ जे या अनुच्छेदान्वये या भागासाठी विभागीय विकास मंडळ स्थापन झाले असून त्याचे मुख्यालय कलबुर्गी येथेच आहे. २०१९ साली या भागाचे नाव कल्याण कर्नाटक असे झाले. पायाभूत सोयींच्या कामांसाठी या मंडळाकडे प्रस्ताव मांडता येतो. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे ठरावीक नफ्यापुढील कंपन्यांना नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कार्यावर खर्च करावा लागतो. वाडी, सेडम व मळखेड परिसरात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत, हे येथे आठवावे. राहणाऱ्यांपैकी ज्यांना परवडते त्यांच्याकडून अल्प शुल्क घेता येते. ज्याला परवडत नाही त्याला मात्र दारातून परत पाठवू नये.

तथापि हे सारे आधार पूरक होत. निवारा खऱ्या अर्थाने टिकतो तो स्थानिक संस्थेच्या स्वतःच्या वार्षिक अंदाजपत्रकात त्याच्यासाठी एक ओळ असेल तेव्हाच. रक्कम लहान असो. ती दरवर्षी असली पाहिजे. दिवाबत्तीचा खर्च आपण अनुदान संपले म्हणून बंद करीत नाही. निवाऱ्याचाही विचार तसाच व्हावयास हवा.

गावाचा आणि शिक्षकाचा वाटा

हा विषय शहराचा असला, तरी त्याचे मूळ खेड्यात आहे. गावातून कामासाठी कोण गेले, ते कोठे राहतात, त्यांच्या मागे वृद्ध माणसे कोणाच्या भरवशावर आहेत, याची माहिती ग्रामपंचायतीपाशी असली, तर पुष्कळ माणसे परत जोडता येतात. मोहिमेच्या नियमात शहरी स्थानिक संस्थाच बसत असत. ग्रामपंचायतीच्या हद्दीतील तीर्थक्षेत्री राहणाऱ्या बेघरांना तिचा लाभ नव्हता. अशा ठिकाणी धर्मशाळेची जुनी रीत जागी ठेवणे आवश्यक आहे. संत गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, त्या याच विचाराने. स्वतःसाठी त्यांनी एक झोपडीही मागे ठेवली नाही. याच भागातील कल्याण नगरीत बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कायक आणि दासोह यांची शिकवण दिली. श्रम करणाऱ्याचा मान राखावा आणि मिळकतीतला वाटा समाजाला द्यावा, हा तिचा आशय निवाऱ्याच्या कामाला तंतोतंत लागू पडतो.

शिक्षकांचा वाटा याहून प्रत्यक्ष आहे. जनगणनेचे प्रगणक बहुधा शिक्षकच असतात. केंद्र सरकारने २०२५ साली काढलेल्या अधिसूचनेप्रमाणे पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी आहे. मागील पद्धत पाहता, त्याआधीच्या फेब्रुवारी अखेरच्या रात्री बेघरांची गणना करण्याचे काम पुन्हा एकदा शिक्षकांच्याच हाती येईल. त्या एका रात्रीत लिहिलेल्या संख्येवर पुढील अनेक वर्षांचे निकष, प्रस्ताव आणि हप्ते अवलंबून राहतील. बसस्थानकाच्या कडेला पोत्यावर झोपलेल्या माणसाला हळुवारपणे जागे करून त्याचे नाव विचारणे हे त्या रात्री राष्ट्राचे काम असेल.

नगराच्या अधिकाऱ्यांनीही जनगणनेची वाट पाहत बसू नये. आपापल्या नगरातील बसस्थानक, बाजार, रुग्णालय आणि मंदिर-दर्ग्यांचे परिसर रात्री अकरानंतर एकदा पायी फिरून पाहावेत. माहितीच्या तक्त्यात ‘निरंक’ हा शब्द लिहावयाचाच असेल, तर तो त्यानंतर लिहावा.